दवाखान्याची शाळा : दोन शैक्षणिक वर्षांनंतरचा अभिप्राय

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला, खाडीकडच्या अंगाला सिडको या शासकीय नगररचना महामंडळाने वसवलेल्या आमच्या वसाहतीत तळमजला आणि वर एक मजला अशी एक सार्वजनिक इमारत आहे. तेथे पूर्वी प्रसूतिगृह व बाह्यरुग्ण दवाखाना चालत असे. मोठे रुग्णालय दुसरीकडे सुरू झाल्यावर तो बंद पडला आणि दहा-बारा वर्षे त्या फाटकाला कुलूप राहिले. गेल्या दोन शैक्षणिक वर्षांपासून तेथे पहिली ते पाचवीची मराठी माध्यमाची सार्वजनिक शाळा भरते. शाळेला अधिकृत नाव आहे, पण वसाहतीत ते कोणाच्या तोंडी नाही. रिक्षावाल्यांपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला ‘दवाखान्याची शाळा’ म्हणूनच ओळखतात. माझी नात पहिलीपासून तेथे जाते आणि आता तिची दुसरी संपत आली आहे. मी इमारतींच्या सांगाड्याची गणिते करण्यात नोकरी घालवलेला निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. त्यामुळे शाळेबद्दल लिहिताना माझे लक्ष आधी इमारतीकडे जाते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

निष्कर्ष आधीच सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ही शाळा मी निःशंकपणे सुचवीन. तिसरी ते पाचवीसाठीही सुचवीन, परंतु वरच्या मजल्याची दोन कामे करून घेण्याचा आग्रह पालकांनी सोडू नये, असे सांगूनच. शाळेचे आणि वसाहतीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा नोंदवल्या आहेत त्यांबद्दल शाळा व्यवस्थापन समितीने लेखी अर्ज दिले असून त्यांवर निर्णय व्हायचा आहे. माझी सून त्या समितीवर पालक-सदस्य आहे, हेही येथे सांगितलेले बरे. परिसरातल्या लोकांना शाळा ओळखू येईलच, आणि इतरांना आपल्या वसाहतीत कुलूप लागून पडलेल्या इमारतीत काय पाहावे याचा अंदाज यावा, एवढ्याच हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबईची आखणी करताना प्रत्येक नोड, म्हणजे उपनगर, सेक्टरांत विभागून शाळा, दवाखाना, बाजार, समाजमंदिर या गोष्टी पायी जाता येतील अशा अंतरावर ठेवण्याचा विचार होता. आमच्या पिढीने या आखणीचा लाभ घेतला आहे. परंतु वसाहती जुन्या होत जातात तशा गरजा सरकतात. एखादी इमारत रिकामी पडते आणि दुसरीत जागा पुरत नाही. दवाखाना बंद झाल्यावर त्या इमारतीसाठी वसाहतीतून तीन निरनिराळ्या मागण्या गेल्या होत्या. ज्येष्ठ नागरिकांना विरंगुळा केंद्र हवे होते, काहींना वाचनालय हवे होते, आणि एका गटाचे म्हणणे होते की जागा खासगी संस्थेला भाड्याने देऊन टाकावी. विरंगुळा केंद्राच्या अर्जावर माझीही सही होती. ती सही करताना मी मुलांची मोजणी केलेली नव्हती. पुढे मोजणी झाली तेव्हा दिसले की आमच्या बाजूच्या बैठ्या घरांतील आणि गावठाणातील पुष्कळ लहान मुले रिक्षात आठ-आठ जणांना कोंबून दूरच्या शाळेत जातात, आणि ज्यांना रिक्षा परवडत नाही ती वाहता रस्ता ओलांडून पायी जातात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पाचवीपर्यंतच्या मुलाला शाळा १ किलोमीटरच्या आत मिळाली पाहिजे. आमच्या बाजूला ती मिळत नव्हती. त्या आकड्यांनंतर मी शाळेच्या मागणीवर नव्याने सही केली, आणि या इमारतीचा याहून योग्य उपयोग झाला नसता असे आज माझे मत आहे.

आता इमारतीविषयी. दवाखान्याची शाळा करायची म्हटल्यावर अनेकांनी नाक मुरडले होते. प्रत्यक्षात दवाखान्यासाठी म्हणून ज्या गोष्टी पूर्वी बांधल्या गेल्या त्याच आज या शाळेच्या सर्वांत चांगल्या बाजू आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे शाळेचा जिना किमान दीड मीटर रुंद लागतो, तर रुग्णालयाचा दोन मीटर. आमच्या शाळेला तो रुग्णालयाचा जिना मिळाला आहे आणि सुट्टी झाल्यावर दोन्ही बाजूंनी मुले उतरत असतानाही मधून शिक्षिका वर जाऊ शकतात. स्ट्रेचर नेण्यासाठी पहिल्या मजल्यापर्यंत उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प, पहिल्यापासून आहे. शिक्षण हक्क कायदा शाळेत अडथळाविरहित प्रवेश मागतो आणि नव्या इमारतींतही बऱ्याचदा दारापुढे सिमेंटची एक घसरगुंडी करून ती अट उरकलेली दिसते. येथे मात्र चाकाच्या खुर्चीवरील मूल कोणाच्याही मदतीवाचून वरच्या वर्गात पोहोचते. तिसरीत असे एक मूल आहे. त्याच्यासाठी वर्ग खाली हलवावा लागला नाही, ही बाब मला फार मोलाची वाटते.

खोल्यांची दारे खाट आत जाईल इतकी रुंद आहेत. स्वच्छतागृहांची दारे बाहेर उघडतात, कारण रुग्ण आत कोसळला तर दार ढकलून उघडता येत नाही. लहान मूल आत अडकले तर हीच सोय उपयोगी पडते आणि पहिल्याच महिन्यात ती एकदा पडली. रुग्णवाहिका उभी राहण्यासाठी बांधलेला पोर्च जून ते सप्टेंबर या काळात प्रार्थनेची आणि मुलांना न भिजता उतरवून घेण्याची जागा झाला आहे. पाण्याची टाकी रुग्णालयाच्या हिशेबाची, म्हणजे शाळेच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी आहे. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते आणि दुरुस्तीसाठी दिवसभर पुरवठा बंद असला तरी शाळेत नळ कोरडे पडलेले मी पाहिलेले नाहीत.

शाळा सुरू होण्यापूर्वी इमारत रिकामी करण्यात बरेच महिने गेले, आणि त्या विलंबाबद्दल लोकांनी जी टीका केली ती मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. प्रसूतिगृहातील जन्मनोंदीचे दस्तऐवज हे कायमस्वरूपी जपायचे असतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या या नोंदींवरून लोक आजही दाखले काढतात. ते कपाटांतून काढून, यादी करून योग्य कार्यालयात पोहोचल्याशिवाय एकही भिंत पाडणे चूक ठरले असते. दुसरी गोष्ट पाऱ्याची. जुन्या दवाखान्यांत ताप मोजण्याच्या आणि रक्तदाब मोजण्याच्या उपकरणांत पारा असे. फुटलेल्या उपकरणातला पारा लाद्यांच्या सांध्यांत आणि खणांच्या तळाशी वर्षानुवर्षे राहू शकतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला चमकणारा थेंब उचलून खेळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. या इमारतीतील जुने लाकडी खण आणि टेबले सरसकट काढून टाकली गेली, तपासणी खोल्यांच्या लाद्या उखडून नव्या बसवल्या गेल्या. हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुक कोणी करत नाही. मला ते रंगरंगोटीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

इमारतीच्या मजबुतीबद्दल पालक मला सर्वांत जास्त विचारतात, म्हणून त्याबद्दल थोडे थांबून लिहितो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. खाडीकडच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटमधल्या सळ्या लवकर गंजतात. गंजलेली सळई फुगते, वरचे काँक्रीट फोडते आणि गिलाव्यासकट तुकडे खाली येतात. वाशी-नेरूळकडच्या जुन्या घरांमध्ये छताचे प्लास्टर पडल्याच्या बातम्या आपण सगळे वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. आमच्या शाळेच्या इमारतीची तपासणी झाली तेव्हा मी परवानगी घेऊन उभा होतो. काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडल्यावर निरोगी भाग गुलाबी होतो आणि ज्या भागाने सळईचे रक्षण करण्याची शक्ती गमावली आहे तो रंगहीनच राहतो. खालचे बहुतेक कॉलम गुलाबी झाले. गच्चीखालच्या काही तुळया आणि स्वच्छतागृहांवरचा स्लॅब झाला नाही. त्या ठिकाणी खराब काँक्रीट खरवडून, सळ्या साफ करून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मिश्रित मॉर्टरने दुरुस्ती झाली, गच्चीवर नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, घातला गेला. दोन पावसाळे गेले. वर्गांत गळती नाही. जिन्याच्या माथ्यावर एका कोपऱ्यात ओल धरते, ती दर जूनला मी कळवतो.

माझा आक्षेप दुसऱ्या मुद्द्यावर आहे. तपासणी झाली ती इमारत आज कोणत्या अवस्थेत आहे याची. तिचा वापर बदलल्यामुळे भार किती बदलतो याचे स्वतंत्र गणित मला अहवालात सापडले नाही. भारतीय मानकानुसार रुग्णालयाच्या वॉर्डाची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार, म्हणजे माणसे व सामान यांचे वजन, धरून आखतात, वर्गखोलीची ३०० किलो धरून, आणि पुस्तकांच्या घोड्या ठेवायच्या खोलीची ६०० किलो धरून. म्हणजे वरचा वॉर्ड कागदावर तरी वर्गासाठी आखलेला नाही. येथे घाबरून जाण्याचे कारण मात्र नाही, आणि ते का नाही हेही सांगतो. वरच्या वर्गाचे क्षेत्रफळ सुमारे ४६ चौरस मीटर आहे. त्यात ३५ मुले, अठरा बाके, शिक्षिका आणि त्यांचे टेबल असे सगळे धरले तरी वजन पावणेदोन हजार किलोपर्यंतही जात नाही, म्हणजे दर चौरस मीटरला ४० किलोच्या आतच. वॉर्डाच्या आखणीत याच्या पाचपट भाराची तरतूद आहे. मानकात वर्गासाठी जास्त आकडा धरला जातो तो गर्दीच्या प्रसंगांसाठी आणि जड सामानासाठी.

आणि नेमके तेच दोन प्रकार येथे घडू पाहत होते. पहिल्या वर्षी वाचनालयाची लोखंडी कपाटे वरच्या व्हरांड्याला लागून एका ओळीत ठेवण्याचे ठरले होते. पुस्तकांनी गच्च भरलेले एक कपाट अडीचशे-तीनशे किलोंचे होते आणि ते सगळे वजन अर्ध्या चौरस मीटरवर उभे राहते. मी मुख्याध्यापिकाबाईंना हे गणित कागदावर मांडून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी कपाटे तळमजल्यावर, पूर्वीच्या औषध भांडारात लावून घेतली. स्नेहसंमेलनाच्या वेळी मात्र वर दोनशे-अडीचशे पालक बसवले गेले होते. ते पुन्हा होऊ नये. वापर-बदलाचे भारगणित लेखी मिळेपर्यंत वरचा मजला फक्त वर्गांसाठी असावा, हे समितीच्या अर्जातील पहिले काम आहे.

दुसरे काम आवाजाचे, आणि शिकण्याच्या दृष्टीने मी त्याला अधिक गंभीर मानतो. वरचा पंच्याहत्तर फुटांचा वॉर्ड तीन भागांत विभागून तिसरी, चौथी आणि पाचवी बसते. मधली पार्टिशने जिप्समची असून ती छताच्या दोन फूट खालीच थांबतात. शिवाय वॉर्डाच्या भिंतींना धुता याव्यात म्हणून सात फुटांपर्यंत गुळगुळीत टाइल्स आहेत. टाइल आवाज शोषत नाही, परत फेकते. त्यामुळे पाचवीत पाढे सुरू झाले की तिसरीतल्या बाईंना शब्द सोडून सोडून बोलावे लागते आणि मागच्या बाकावरील मुलाला ‘श’ आणि ‘स’ यांतला फरक ऐकूच येत नाही. शुद्धलेखनाच्या वह्या पाहिल्या तर हे दिसते. चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगल्या आहेत; ही कल्पना शिक्षिकांची स्वतःची आहे आणि तिने खरोखर फरक पडला. परंतु सतरंजीवर किती दिवस भागवायचे? पार्टिशने छताला भिडवून घेणे, त्यांत ध्वनिरोधक भरण घालणे आणि टाइल्सच्या वर फळ्यासमोरच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड लावणे, एवढे काम एका मे महिन्याच्या सुट्टीत होण्यासारखे आहे. हवा खेळण्याची अडचण येणार नाही, कारण वॉर्डाला दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत.

तळमजल्यावर हा त्रास नाही. रुग्ण बसण्याच्या दालनात पहिली भरते आणि दोन तपासणी खोल्यांमधली विटांची, भार न पेलणारी भिंत काढून दुसरीचा वर्ग केला आहे. मोठ्या खिडक्यांच्या दुधी काचा बदलून स्वच्छ काचा बसवल्यामुळे दुसरीच्या वर्गात दिवसा दिवा लावावा लागत नाही. प्रसूती कक्षाचा उपयोगही विचारपूर्वक केला आहे. त्या खोलीच्या जमिनीला धुण्यासाठी उतार आणि मोरी होती, म्हणून तेथे हात धुण्याची आणि जेवणाची भांडी घासण्याची जागा झाली. निर्जंतुकीकरणाच्या बिनखिडकीच्या खोलीत मात्र संगणक ठेवले आहेत, तेथे एप्रिलमध्ये दहा मिनिटेही बसवत नाही. ती खोली सामानासाठीच ठीक होती.

स्वच्छतागृहांची संख्या चांगली आहे. चाळीस विद्यार्थ्यांमागे एक हा स्वच्छ विद्यालयाचा निकष येथे ओलांडला जातो, मुलामुलींची सोय वेगळी आहे, आणि स्वच्छता दोन मदतनीस मावशी मनापासून करतात. सगळे काही मोठ्या माणसांच्या मापाचे होते, ही अडचण होती. बेसिन पहिलीच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत येई. आधी त्याच्यापुढे ओटा बांधला, तो ओला झाला की निसरडा होई आणि दोन मुले पडली. दुसऱ्या वर्षी तळमजल्यावरची बेसिन काढून कमी उंचीवर बसवली; वरच्या मजल्यावरची अजून तशीच आहेत. जिन्याच्या कठड्याला मोठ्यांच्या हाताखाली मुलांसाठी दुसरी नळी बसवली आणि आडव्या गजांच्या जागी उभे गज लावले, हे बरे झाले, कारण आडवा गज म्हणजे लहान मुलाला शिडीच असते.

आगीपासूनच्या सुरक्षिततेबाबत मी कोणत्याही शाळेत सवलत देत नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरून ९४ मुले गेली; तेथे बाहेर पडायला एकच अरुंद जिना होता. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेबद्दल देशभर लागू होणारे आदेश दिले. या शाळेत जिना आणि रॅम्प असे दोन स्वतंत्र मार्ग आहेत, अन्न बाहेरून शिजून येते, अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा चालू आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले असते आणि पालकांनी ते वाचावे. पहिल्या वर्षी रॅम्पच्या खाली चहासाठी गॅसची शेगडी आणि सिलिंडर ठेवलेला मला दिसला होता. म्हणजे सुटकेच्या मार्गाखालीच आग. तक्रार केल्यावर तो त्याच आठवड्यात हलवला गेला आणि आता विजेच्या किटलीवर चहा होतो.

शिकवण्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, जे पाहिले तेच सांगतो. माझी नात पहिलीत गेली तेव्हा घरी आम्ही तिला मुळाक्षरे ओळीने घोकून घेत होतो. तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितले की तसे करू नका, तिला रोज रस्त्यावरची एक पाटी वाचायला द्या. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत ती बसवरची गावांची नावे वाचू लागली, आणि ‘घणसोली’ वाचताना ‘ण’ आणि ‘न’ यांसाठी माझ्याशी भांडूही लागली. गावठाणातील मुले घरी आगरी बोलतात. त्यांच्या बोलण्याला बाई चूक म्हणत नाहीत. आधी त्यांच्या शब्दांत गोष्ट सांगू देतात, मग पुस्तकातले शब्द शेजारी लिहितात. माथाडी कामगारांची सातारा-सांगलीकडची मुले, गावठाणातली मुले आणि आमच्यासारख्यांची नातवंडे एका बाकावर बसतात, एवढी गोष्टसुद्धा खासगी शाळांच्या ओढीत दुर्मीळ झाली आहे. पाठ्यपुस्तके बालभारतीची आणि मोफत मिळतात. पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, मात्र गणित मराठीतूनच शिकवतात. सेमी इंग्रजीची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

कमतरता माणसांची आहे. पट दीडशेच्या वर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे अशा शाळेला पाच शिक्षक आणि वेगळे मुख्याध्यापक मिळायला हवेत. दिवाळीपासून एक जागा रिकामी असल्याने मुख्याध्यापिकाबाई स्वतः चौथीचा वर्ग घेतात आणि कार्यालयीन काम शाळा सुटल्यावर करतात. निवडणुकीच्या कामासाठी शिक्षक बोलावले जातात तेव्हा दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात. कायदा जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांसाठी मुभा देतो हे खरे, पण पाच वर्गांच्या शाळेतून एक बाई गेल्या की दुसरीच्या मुलांचा आठवडा वाया जातो. या गोष्टीचा दोष मी शाळेला देणार नाही.

वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन अशी आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा २०२४ चा शासन निर्णय आहे आणि पाच वर्गांना पाच स्वतंत्र खोल्या असल्यामुळेच येथे तो पाळता येतो. खोल्या कमी असलेल्या शाळांना दोन सत्रांची कसरत करावी लागते. दुपारच्या आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. खिचडी, वरणभात आणि मटकीची उसळ आलटून पालटून येते. मी चार-पाच वेळा पानातले चाखून पाहिले. उसळ चांगली असते, खिचडीत डाळ कधी कधी शोधावी लागते. डबे वेळेवर आणि गरम येतात.

मैदान नाही, ही उणीव भरून काढणे कठीण आहे. दवाखान्याला गाड्या लावण्यापुरते अंगण होते, तेवढेच शाळेला मिळाले, आणि त्यातही पहिले सहा महिने शेजारच्या इमारतींमधल्या लोकांच्या गाड्या उभ्या असत. आता फाटक बंद असते. समोरच्या गल्लीपलीकडे सार्वजनिक मैदान आहे आणि सकाळी अकरा ते एक या वेळेत ते शाळेला वापरू देण्याचे ठरले आहे. पण किल्ली ज्यांच्याकडे असते ते वेळेवर येतीलच असे नाही, आणि मग पन्नास मुले रांगेत उभी राहून परत येतात. किल्लीची एक प्रत शाळेकडे असावी, एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत झालेली नाही. वसाहतीतल्या प्रत्येकाने याचा पाठपुरावा करावा अशी माझी विनंती आहे, कारण ज्या मुलांची घरे दहा बाय पंधराची आहेत त्यांना धावायला दुसरी जागा नाही.

प्रवेशासाठी फी नाही. पहिलीला मुलाचे वय ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावे लागते. जन्माचा दाखला न्यावा, मात्र तो हाताशी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि या शाळेने तसा कोणाला नाकारलेला मला माहीत नाही. नवे सत्र जूनच्या मध्यावर सुरू होते, पण फॉर्म भरण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये शाळा भरलेली असताना एकदा जाऊन यावे. मुख्याध्यापिकाबाई पालकांना वर्ग पाहू देतात. दहाच्या सुमारास गेलात तर दुसरीत वाचन चाललेले असते. तेथून जिन्याने वर जाऊन पाच मिनिटे तिसरीच्या मागच्या बाकाजवळ उभे राहावे, आणि जे ऐकू येईल ते कार्यालयातल्या अभिप्राय वहीत लिहून यावे. त्या वहीतली पाने समितीच्या अर्जाला जोडली जातात.